गच्चीवरचा सुपरमॅन

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात, मुलांच्या छायाचित्र प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो होतो तसाच ठेवला आहे, फक्त मध्ये मध्ये खोकलो होतो ते गाळलं आहे.)

सन्माननीय चेअरमनसाहेब, व्यवस्थापक समितीचे सदस्य, सभासद बंधू-भगिनींनो आणि पुढच्या सतरंजीवर बसलेल्या समस्त सुपरहिरोंनो,

मला बोलायला सांगितलं तेव्हा मला वाटलं, विषय मेंटेनन्सच्या थकबाकीचा असणार. खजिनदार म्हणून नऊ वर्षं मी तेवढाच विषय बोललो. पण सेक्रेटरी म्हणाले, "काका, थकबाकी नको, लोक उठून जातील. मुलांच्या फोटोंवर बोला." प्रदर्शनात चोवीस फोटो लावलेत. स्पायडरमॅन आहे, बॅटमॅन आहे, दोन शक्तिमान आहेत, आणि ए विंगमधल्या एका मुलीनं स्वतःच तयार केलेली एक नायिका आहे, तिच्या हातात कुकरचं झाकण ढाल म्हणून आहे. (ते झाकण तिच्या आजींना अजून परत मिळालेलं नाही, असं कळतं.)

हे फोटो कसे निघाले याची हकीकत तुमच्यापैकी निम्म्या लोकांना माहीत आहे, आणि निम्म्यांना चुकीची माहीत आहे. म्हणून ती आज सांगून टाकतो. त्यात माझीही एक चूक आहे. ती व्हाउचरसकट सादर करतो.

२०२४ ची दिवाळी. आमचा नातू पुण्याहून आला होता, तेव्हा तो अकरा वर्षांचा. बॅगेत फटाके कमी आणि निळा-लाल पोशाख एक. पाठीवर ते लाल कापड, त्याला तो केप म्हणतो, आमच्या सौ. उपरणं म्हणतात. एका संध्याकाळी मी खाली फेऱ्या मारत होतो. सहज वर पाहिलं, तर बी विंगच्या गच्चीच्या कठड्यावर कुणीतरी उभं. चार मजले. हात पुढे, मूठ वळलेली, एक पाय उचललेला.

मी ओरडलो नाही. लोक म्हणतात काकांनी प्रसंगावधान राखलं. कसलं आलंय प्रसंगावधान! घशातून आवाजच फुटला नाही. पण ते बरंच झालं, कारण ओरडलो असतो तर तो दचकला असता आणि वळून खाली पाहिलं असतं. लिफ्ट वर होती, म्हणून जिन्यानं गेलो. माझा उजवा गुडघा दहा वर्षांपासून संपावर आहे, पण त्या दिवशी चारही मजले त्यानं काही तक्रार केली नाही. वर पाच मुलं. एकाच्या हातात मोबाईल, तो मागे मागे सरकत म्हणतोय, "अजून थोडा वाक, अजून थोडा." मी मागून गेलो आणि हाताला जे लागलं ते धरून ओढलं. हाताला लागलं ते उपरणं. गळ्याशी ते दोन हुकांनी लावलेलं, त्यातला एक हुक तुटला. दुसरा राहिला. नातू माझ्या अंगावर पडला आणि आम्ही दोघं टाकीच्या पाइपाशेजारी बसलो.

आणि मग मी त्याच्या थोबाडीत मारली. त्याच्या मित्रांसमोर.

त्या पोराच्या बापाला मी आयुष्यात हात लावला नव्हता. नातू रडला नाही. त्यानं कापड गोळा केलं, खाली गेला आणि भाऊबीजेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाही. पुण्याला परत जाताना नमस्कार केला, तोही आईनं सांगितलं म्हणून.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी समितीला पत्र दिलं, गच्चीला कुलूप लागलं, किल्ल्या सेक्रेटरी आणि वॉचमनकडे. वाळवणं घालणाऱ्या भगिनींनी माझ्या नावानं बोटं मोडली. त्यांची तक्रार योग्य होती. त्यांना पापड घालायला किल्ली मागावी लागते आणि मुलांना वाटतं आजोबांनी आमचं आकाश बंद केलं. तरी सांगतो, कुलूप काढायला माझा आजही विरोध आहे. १९९७ साली शक्तिमान सुरू झाली तेव्हा मुलं त्या नादात उड्या मारतात, स्वतःला इजा करून घेतात अशा बातम्या येत होत्या, आणि खुद्द मुकेश खन्नांना पडद्यावरून मुलांना समजवावं लागत होतं. आपली संस्था त्याच काळातली. पायाचे खड्डे खणले जात होते तेव्हा वाळूच्या ढिगाऱ्यावर एक हात वर करून गोल गोल फिरणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यातली दोन आज समितीवर आहेत. नावं घेत नाही.

डिसेंबरात मुलांचा अर्ज आला. सहा सह्या. मी चाळीस वर्षं बँकेत नमुना सही ताडून पाहण्यात घालवली, तेव्हा सवयीनं तपासल्या. त्यातल्या दोन सह्या एकाच हातच्या होत्या. अर्जात लिहिलं होतं की आम्ही गच्चीवर जाणार नाही, पण आम्हाला फोटो काढायला जागा द्यावी, आणि शेवटी, "काकांनी आम्हाला विचारलं नाही की आम्ही कठड्यावर का चढलो."

खरंच विचारलं नव्हतं. म्हणून सी विंगमधल्या आपल्या तरुण फोटोग्राफरला बोलावलं, जो लग्नाचे फोटो काढतो. त्याला म्हटलं, "या पोरांना एवढ्या उंचीवर का चढावं लागतं, ते तू मला समजावून सांग." तो हसला. म्हणाला, "काका, उंची मुलाला लागतच नाही. कॅमेरा खाली न्यायचा. तुम्ही जरा इथे झोपता का?"

वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी आपल्या पार्किंगमध्ये पाठीवर झोपलो. वॉचमन पाणी घेऊन धावत आला, त्याला वाटलं काकांना चक्कर आली. पण मित्रहो, खालून पाहिलं तर आपली चार मजल्यांची बिल्डिंग काय दिसते! गॅलऱ्यांच्या रांगा वर वर बारीक होत गेलेल्या, वर नुसतं आभाळ, आणि मध्ये सहा इंचांच्या ओट्यावर उभा असलेला आठ वर्षांचा पोरगा टाकीपेक्षा उंच. ओझरला टोलेजंग इमारती नाहीत म्हणून मुलं हळहळत होती. न्यूयॉर्क पार्किंगमध्येच होतं, फक्त फरशीला पाठ टेकवायला हवी होती.

पुढच्या चार रविवारी मी जे शिकलो ते मला चाळीस वर्षांच्या कुठल्याच ट्रेनिंग सेंटरमध्ये शिकवलं गेलं नाही. मोबाईल उलटा धरायचा, म्हणजे त्याची भिंग असलेली बाजू जमिनीला लागते. मुलानं मूठ कॅमेऱ्याकडे करायची, कारण जवळची वस्तू मोठी दिसते. किडकिडीत पोराचीही मूठ नारळाएवढी येते. सरळ समोर तोंड करून उभं राहायचं नाही, खांदे एकीकडे आणि कंबर दुसरीकडे. दोन्ही पायांवर सारखा भार टाकला तर माणूस रेशनच्या रांगेत उभा असल्यासारखा दिसतो. आणि बोटं! मुलं चेहरा शूरवीराचा करतात आणि बोटं मात्र लोंबकळत ठेवतात. फोटोग्राफर सतत ओरडायचा, "बोटं, बोटं!"

उडीचं गणित तर मला फार आवडलं. फूटभर उंच उडी मारली तर मूल हवेत साधारण अर्धा सेकंद असतं. त्या अर्ध्या सेकंदातला अर्धा वेळ ते उडीच्या वरच्या तीन इंचांतच असतं, कारण वर गेलं की वेग मंदावतो, क्षणभर थांबल्यासारखं होतं आणि मग खाली येतं. म्हणजे पाव सेकंद तुमच्या हातात. तेवढ्यात गुडघे पोटाशी घ्यायचे, हात ताणायचे आणि तोंडावर असा भाव ठेवायचा की आपण गेली दहा मिनिटं उडतोच आहोत. सकाळच्या उन्हात शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवलं की चप्पलसुद्धा हवेत स्पष्ट येते. मुलगा फूटभरच उडालेला असतो, पण खालून काढलेल्या फोटोत जमीन दिसतच नाही, त्यामुळे तो किती वर आहे याचा हिशोब कुणाला लागत नाही. बँकेत याला विंडो ड्रेसिंग म्हणायचे.

आमच्या वेळी उलट होतं. माझ्याकडे आग्फा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो, आणि शटर इतकं सावकाश की कुणी हललं की फोटो गेला. त्यामुळे आमच्या सगळ्या फोटोंत माणसं श्वास कोंडून उभी. स्टुडिओत मागे रंगवलेला बगीचा, बाजूला लाकडी खांब, त्यावर एक हात. लग्नानंतर आम्ही दोघांनी काढलेल्या फोटोत आम्ही कुणाच्या तरी शोकसभेला आल्यासारखे दिसतो. हिला विचारा. आणि खातेदारांचे फोटो तर काय सांगावे! हजारो चेहरे मी पासबुकावर चिकटवले असतील, एकही हललेला नाही आणि एकही हसलेला नाही.

पण सोंग घेऊन कॅमेऱ्यासमोर उभं राहणं हे काही या मुलांनी परदेशातून आणलेलं नाही, हे मला आवर्जून सांगायचं आहे. कॉस्प्ले हा शब्द जपानमध्ये १९८० च्या दशकात रूढ झाला. सुपरमॅन १९३८ सालचा, स्पायडरमॅन १९६२ सालचा. आणि आपल्या जिल्ह्यात? त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढून नाशिकला आले, आणि १९१७ साली त्यांच्या 'लंकादहन'मध्ये हनुमान आकाशातून गेला. सुपरमॅनच्या एकवीस वर्षं आधी! त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटानं केल्या. १९१९ चा 'कालियामर्दन' पाहा, त्याचा बराच भाग आज उपलब्ध आहे. त्यात दादासाहेबांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. कथा सुरू होण्याआधी ही छोटी मुलगी स्वतःच्याच रूपात पडद्यावर येते आणि राग, हसू, भीती असे एकामागून एक चेहरे करून दाखवते. आणि मग तीच कृष्णाच्या वेषात. परवा मी ते मुलांना दाखवलं. आवाज नाही, रंग नाही, दोन मिनिटांत कंटाळतील असं वाटलं होतं. पण कुकरच्या झाकणवाली म्हणाली, "काका, तिची बोटं बघा, एकदम बरोबर आहेत."

त्याहून जुनं म्हणजे बोहाडा. १९८० च्या सुमारास माझी बदली पेठ भागात झाली होती. उन्हाळ्यात एका पाड्यावर रात्री बोहाडा पाहिला. संबळ वाजतोय, मशाली, आणि एकामागून एक देवांची, दैत्यांची सोंगं येताहेत. मुखवटे असे जड की नाचणाऱ्याला समोरचं नीट दिसत नव्हतं. मी पाहिला त्या रात्री प्रत्येक सोंगाच्या मागे साध्या कपड्यांतला एक माणूस होता. सोंग मागे झुकलं की तो हात लावायचा, घसरलं की सावरायचा. लोकांचं लक्ष सोंगाकडे, त्याच्याकडे कुणाचंच नाही. मला तो माणूस पंचेचाळीस वर्षांनी आठवला, का ते पुढे सांगतो.

आणि मालेगाव. आपण मालेगावचं नाव निघालं की यंत्रमाग म्हणतो आणि दुसऱ्या बातम्या आठवतो. पण तिथल्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला आणि पुढे 'मालेगाव का सुपरमॅन'. सुपरमॅन कोण, तर शफीक शेख नावाचा यंत्रमागावर काम करणारा हडकुळा तरुण. हिरवं कापड मागे धरून त्याला उडवला आणि मग कॉम्प्युटरवर त्या कापडाच्या जागी आभाळ आणलं. हे सगळं कसं केलं यावर फैजा अहमद खान यांनी २००८ साली 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' थिएटरला आला. शफीक तो पाहायला नव्हता, तो तरुण वयातच कर्करोगानं गेला. मी माहितीपट पाहिला तेव्हा मनात आलं, हे लोक कर्जाला माझ्या टेबलावर आले असते तर मी काय विचारलं असतं? "तारण काय?" प्रस्ताव परतच गेला असता. मी नियमाप्रमाणेच वागलो असतो आणि तो सुपरमॅन तरीही उडालाच असता, कारण त्यांनी बँकेची वाट पाहिलीच नाही.

आता माझ्या हिशोबातली राहिलेली नोंद.

फेब्रुवारीत फोटोग्राफर मला म्हणाला, "काका, सगळं जमतंय, पण केप काही उडत नाही." पंखा लावून पाहिला, टेबलफॅनच्या वाऱ्यानं कापड नुसतं थरथरतं. मासे धरायच्या दोरीनं बांधून पाहिलं, ती उन्हात चमकते. तो म्हणाला, "सगळ्यात उत्तम म्हणजे मागे एक माणूस उभा करायचा. त्यानं केप ताणून धरायची, एक-दोन-तीनला हवेत भिरकावायची आणि बाजूला व्हायचं."

त्याच रात्री मी नातवाला फोन केला. चार महिन्यांत आमचं बोलणं "अभ्यास कसा चाललाय", "बरा" यापलीकडे गेलं नव्हतं. मी म्हटलं, "बाळा, त्या दिवशी ओढलं ते बरोबर केलं. मारलं ते चुकलं." तो बराच वेळ गप्प. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, "आजोबा, तुम्हाला एक फोटो पाठवू?"

त्याच्या मित्रानं त्या दिवशी नेमक्या त्याच क्षणी बटण दाबलं होतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. फोटोत नातू कठड्यावर, एक मूठ पुढे, पाय उचललेला, आणि मागचं लाल कापड असं ताठ, असं पसरलेलं की सिनेमातल्यालाही जमू नये. कापडाच्या दुसऱ्या टोकाला माझा हात. आणि हाताच्या मागे माझा चेहरा. तो चेहरा मी तुम्हाला वर्णन करून सांगणार नाही. आमच्या सौ.नी एकदाच पाहिला आणि फोन माझ्या हातात परत दिला.

नातू म्हणाला, "मला वाटायचं तुम्ही खूप रागावला होता. फोटोत तुम्ही रागावलेले नाही दिसत."

तो फोटो प्रदर्शनात नाही. समितीनं मागितला, मी दिला नाही, नातवानंही दिला नाही. बाकी चोवीस आहेत ते बघा. नातू मे महिन्यात आला तेव्हाचा अकरा नंबरचा, तो ओट्यावरून उडी मारलेला. ओटा सहा इंच, खाली दोन जुन्या गाद्या. बारीक पाहिलंत तर उजव्या कोपऱ्यात एक पांढरी चप्पल दिसेल. ती माझी आहे. केप फेकून मी वेळेत बाजूला झालो नाही. फोटोग्राफर कॉम्प्युटरवर पुसणार होता, मुलांनी पुसू दिली नाही. गेल्या वर्षभरात सगळ्यांच्या केपा मीच फेकतोय, आणि बोहाड्यातला तो मागचा माणूस मला म्हणूनच आठवला.

एक राहिलं. गेल्या २६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, त्या दिवशी आपल्या गावात खूप लोक टीव्हीसमोर बसले होते. आपल्या गावाला बाहेर 'ओझर मिग' म्हणतात, इथला कारखाना १९६४ पासूनचा, आणि आपल्यातल्या कितीतरी सभासदांनी त्या विमानाचे भाग हातांनी जोडले आहेत. त्या रविवारी ए विंगमधल्या एका निवृत्त फिटर काकांनी मुलांना विमानासारखं पोटावर आडवं कसं व्हायचं ते दाखवलं. स्टुलावर पोट टेकवायचं, हातपाय ताणायचे, मोबाईल स्टँडवर पक्का ठेवून एक फोटो मुलासकट घ्यायचा आणि दुसरा रिकाम्या जागेचा. मग पहिल्यातलं स्टूल पुसून त्या जागी दुसऱ्यातली जागा आणायची. सतरा नंबरचा फोटो तो. वरून तेवढ्यात खरं सुखोई गेलं आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांचं बोलणं थांबलं, मुलं वर बघत राहिली, त्यामुळे सात फोटो वाया गेले. सुखोईला आपण काही म्हणू शकत नाही.

आता सूचना. उद्या रविवारी सकाळी साडेसहाला पुढची बॅच आहे, मोठ्यांनाही परवानगी आहे, पण नाव आज रात्रीपर्यंत वॉचमनकडच्या वहीत लिहावं. एक गुडघा आणि एक मूठ जमिनीवर टेकवायची जी पोज आहे तिच्यासाठी आपल्या डॉक्टर वहिनींनी बजावलं आहे की खरी उडी मारून ती घ्यायची नाही, आधीच बसून घ्यायची, आणि गुडघ्याखाली योगाची चटई पाहिजे. गच्चीची किल्ली मागू नये. बी विंगसमोर ज्यांच्या गाड्या आहेत त्यांनी आजच त्या मागच्या बाजूला लावाव्यात. मागच्या रविवारी एका गाडीवर स्पायडरमॅन बसला आणि बॉनेटला पोचा आला, त्याचे पैसे स्पायडरमॅनच्या वडिलांनी दिले आहेत.

आणि आजींचं कुकरचं झाकण ज्याच्याकडे असेल त्यानं ते स्टेजवर आणून द्यावं.